बंगालची जागा

गेल्या नोव्हेंबरात, संविधान दिनाला आठवडा उरला असताना, आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका मुलाने आम्हाला प्रश्न विचारला आणि आमची चांगलीच पंचाईत केली. अभ्यासिका म्हणजे विहाराच्या मागची पत्र्याची खोली. दोन ट्यूबलाईट, एक पंखा आणि वर्गणीतून घेतलेली बाके. कचेरी सुटली की आम्ही तिथे तास-दीड तास बसतो. स्पर्धा परीक्षा देणारी बारा-पंधरा मुले-मुली येतात. त्यांना शिकवण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नाही. पण मोठे माणूस कोणी बसलेले असले की मोबाईल खिशात राहतो, एवढाच आमचा उपयोग.

मुलगा म्हणाला, "सर, बाबासाहेब आपल्या महाराष्ट्रातले. मग घटना समितीवर पहिल्यांदा बंगालमधून का निवडून गेले? आपले लोक कुठं होते तेव्हा?"

आम्ही सभेत बोलायच्या सवयीने सांगून टाकले, की काँग्रेसने सगळी दारे बंद केली होती. मुलगा हुशार. तो म्हणाला, "ते माहीत आहे सर. पण बंगालने दार का उघडलं? तिथं कोण होतं?"

आम्ही जोगेंद्रनाथ मंडल यांचे नाव सांगितले. पुढे काय झाले त्यांचे, म्हणून त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "ते पाकिस्तानात गेले. तिथे मंत्री झाले."

खोलीत जरा वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून एक पोरगा हसून म्हणाला, "म्हणजे पलटी मारली का त्यांनी?"

सगळी मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. आठ दिवसांनी नीट वाचून सांगतो असे कबूल करून आम्ही खोलीला कुलूप लावले आणि घरी आलो. 'पलटी' हा शब्द रात्री जेवतानाही कानातून जाईना. त्याचे कारण आमच्या पत्नीला न सांगता कळले. ती एवढेच म्हणाली, "पुस्तक कुणाकडं आहे ते माहीत आहे ना?"

माहीत होते. चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड आम्ही आणि आमच्या एका मित्राने मिळून घेतले होते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो की दादरच्या पुस्तकांच्या दुकानांतून दर वर्षी एक-दोन खंड आणायचे, निम्मे पैसे त्याचे आणि निम्मे आमचे. तेव्हा आमच्या घरात भिंतीला ओल येत असे, म्हणून खंड त्याच्या घरी राहिले. आणि त्या घराची पायरी आम्ही २०१९ पासून चढलेलो नव्हतो.

या मित्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमचे वडील गिरणीत, आई घरी विड्या वळायची. त्याचे वडील हमाल. बी.कॉम.ला आम्ही दोघे एकाच अकाउंटन्सीच्या पुस्तकावर शिकलो. दुपारी पुस्तक त्याच्याकडे, रात्री आमच्याकडे. त्याची आई ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवायची आणि आपला मुलगा कोणता आणि परका कोणता, हे भाकरी वाढताना कधी जाणवू द्यायची नाही. निकाल लागला तेव्हा हिशेबात त्याला आमच्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. आम्ही एका कार्यालयात लिपिक झालो, तो टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस झाला.

२००६ साली जयंती उत्सव समितीचा अध्यक्ष निवडायची बैठक होती. सगळ्या वस्तीला तोच हवा होता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "याला करा. याला हिशेब येतो, मला येत नाही." जन्मभर हिशेबनिसी करणारा माणूस दीडशे लोकांसमोर सांगतो की मला हिशेब येत नाही! लोक हसले आणि आमच्या गळ्यात हार पडला. आज वस्तीत आम्हाला चार माणसे ओळखतात, पोलीस चौकीत खुर्ची मिळते, ते सगळे त्या दिवसापासून. ती खुर्ची त्याची होती, ती त्याने आम्हाला दिली.

आणि २०१९. त्या वर्षीच्या लोकसभेच्या निवडणुकीत सोलापूरच्या आपल्या समाजात काय झाले ते वाचकांना आठवत असेल. बाळासाहेब आंबेडकर इथून उभे राहिले होते. एकेका घरात दोन मते झाली, सख्खे भाऊ एकमेकांच्या ताटाला बसेनात. आम्ही कोणत्या बाजूचे होतो आणि मित्र कोणत्या बाजूचा, हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की वाचणारा पुढचे वाचणार नाही, तो बाजू मोजील. मतदान १८ एप्रिलला. त्याआधी चार दिवस, जयंतीच्याच दिवशी सकाळी, चौकातल्या हॉटेलासमोर आमची गाठ पडली. दहा-बारा माणसे चहा पीत होती. मित्राबरोबर त्याचा मुलगा होता, बारा वर्षांचा, अंगात नवा पांढरा शर्ट. बोलता बोलता शब्दाला शब्द लागला आणि आम्ही सगळ्यांसमोर विचारले, "किती मिळाले?"

तो काही बोलला नाही. मुलाचा हात धरला आणि निघून गेला.

तेव्हापासून बोलणे बंद झाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्याची आई गेली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, ही सबब आम्हाला बरी सापडली. पुण्यानुमोदनालाही गेलो नाही. जिच्या हातची भाकरी खाऊन परीक्षा दिल्या त्या माउलीला आम्ही शेवटचे पाहिले नाही. हे कोणाला सांगण्यासारखे नाही, पण आज लिहायला बसलो आहोत तर लपवून काय उपयोग?

तर मुलांना शब्द दिला होता आणि मित्राकडे जायचे धाडस नव्हते. म्हणून आम्ही शहरातल्या वाचनालयात चार संध्याकाळी बसलो. खैरमोड्यांचा नेमका तो खंड तिथे नव्हता. पण धनंजय कीर यांचे चरित्र मिळाले, घटना समितीतली भाषणे मिळाली, मंडलांविषयी थोडेबहुत मिळाले. त्यातून जे समजले ते मुलांना सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवतो.

घटना समितीची निवडणूक आजच्यासारखी तुम्ही-आम्ही मते टाकून झाली नव्हती. दहा लाख लोकवस्तीमागे साधारण एक जागा, आणि ती भरायची प्रांतांच्या विधानसभांतल्या आमदारांनी. म्हणजे ज्याचे आमदार त्याचीच जागा. १९४६ च्या सुरुवातीला प्रांतांच्या निवडणुका झाल्या, त्यांत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पानिपत झाले. मुंबई प्रांताच्या विधानसभेत फेडरेशनचा एकही आमदार नव्हता. लोक सभांना येत होते, लाखांनी येत होते, पण मते भरून जागा पदरात पडेना. सोलापुरातही तेच. तेव्हा "आपले लोक कुठं होते" या त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर असे, की आपले लोक मैदानात होते, विधानसभेत नव्हते. आणि समितीवर जायची वाट विधानसभेतून होती.

बंगालच्या विधानसभेत फेडरेशनचा फक्त एक आमदार होता. ते जोगेंद्रनाथ मंडल. बारिसाल जिल्ह्यातल्या खेड्यात १९०४ साली जन्म, नमःशूद्र शेतकऱ्याचा मुलगा, शिकून वकील झालेला. १९३७ साली हा माणूस राखीव नव्हे तर सर्वसाधारण जागेवरून, अपक्ष म्हणून, काँग्रेसच्या उमेदवाराला पाडून निवडून आला होता. १९४३ मध्ये तो बंगालमध्ये मंत्री झाला आणि त्याच वर्षी फेडरेशनची बंगाल शाखा त्याने उभी केली. बाबासाहेबांहून वयाने बारा-तेरा वर्षांनी लहान. भाषा वेगळी, जात वेगळी, अन्न वेगळे. आपल्याकडे शेजारच्या गल्लीतल्या पोटजातीशी सोयरीक करताना आजही कपाळाला आठ्या पडतात. इथे बारिसालचा नमःशूद्र महूच्या छावणीत जन्मलेल्या आपल्या माणसाला आपला नेता मानत होता.

एका आमदाराच्या मताने समितीवर माणूस निवडून येत नाही. मंडलांनी इतर अनुसूचित जातींच्या आमदारांच्या घरी हेलपाटे घातले, पक्षाच्या चौकटीबाहेर येऊन मत द्यायला त्यांची मने वळवली. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालच्या विधानसभेतून घटना समितीवर निवडून गेले. सोलापूर, नाशिक, मुंबई, नागपूर इथल्या लक्षावधी माणसांना जे करता आले नाही ते दूरच्या मूठभर आमदारांनी केले. आम्ही दर वर्षी २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचतो. त्या वाचनात मंडलांचे नाव एकदा तरी घ्यायला हवे होते, ते आम्ही आजवर घेतले नाही. आता घेऊ.

समितीत बाबासाहेबांचे पहिले भाषण १७ डिसेंबर १९४६ ला झाले. ठराव नेहरूंचा होता, त्याला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांची दुरुस्ती होती, की मुस्लिम लीग आणि संस्थाने येईपर्यंत घाई नको. बाबासाहेबांनी जयकरांची बाजू घेतली. सभागृहात त्यांना विरोधक समजणारेच जास्त. आज आपण वेगवेगळ्या गटांत वाटले गेलो असलो तरी उद्या हा देश एक होईल, असा विश्वास त्यांनी त्या भाषणात बोलून दाखवला, आणि ज्यांच्याशी वीस वर्षे भांडण झाले ते काँग्रेसवाले कान देऊन ऐकत राहिले. भाषण संपले तेव्हा सभागृहाचा त्यांच्याकडे पाहण्याचा डोळा बदललेला होता.

मग फाळणी आली. आपल्या सभांतून एक गोष्ट नेहमी सांगतात, की बाबासाहेबांना निवडून दिले म्हणून अमुक जिल्हे चिडून पाकिस्तानला देऊन टाकले. आम्हीही व्यासपीठावरून सांगितली आहे, टाळ्या घेतल्या आहेत. पण समितीचे सभासद जिल्ह्यातून निवडलेलेच नव्हते, ते प्रांताच्या आमदारांच्या मतांनी गेलेले होते. जून १९४७ मध्ये बंगाल दुभंगायचे ठरले तेव्हा बंगालचे जुने सभासदत्वच संपले आणि दोन्ही तुकड्यांत नव्याने निवड करायची ठरली. त्यात बाबासाहेबांचीही जागा गेली. ज्या दाराने ते आत आले होते ते दारच भिंतीसकट उरले नाही.

यानंतरचा भाग मुलांना सांगताना आम्हाला सगळ्यांत जास्त बळ लागले. कारण ज्यांना आपण आजवर नुसते विरोधक म्हणून रंगवले तेच इथे पुढे येतात. बॅरिस्टर जयकर यांनी राजीनामा दिल्याने मुंबईची एक जागा मोकळी झाली होती. डिसेंबरात बाबासाहेबांनी ज्यांच्या दुरुस्तीला पाठिंबा दिला, तेच हे जयकर. ३० जून १९४७ ला समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले, की डॉ. आंबेडकरांचे समितीतले आणि तिच्या उपसमित्यांतले काम असे आहे की त्यांची सेवा देशाने गमावू नये, तरी त्यांना तातडीने निवडून पाठवावे. १४ जुलैला पुढचे अधिवेशन सुरू होणार होते. हे तेच खेर, ज्यांच्या सरकारने आणलेल्या कामगार विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांनी कामगारांचा संप घडवून आणला होता. खेर अडून बसले नाहीत. मुंबईच्या काँग्रेस आमदारांनी बाबासाहेबांना निवडून दिले, आणि आपल्या प्रांताची जागा त्यांना शेवटी मिळाली.

याला मैत्री म्हणावे का? एका मुलीने विचारलेच. आम्ही म्हणालो, मैत्री नसेलही. राजकारण होते, गरज होती, हिशेब होता. पण समोरच्या माणसाची लायकी ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्यात होता. बाबासाहेबांनीही मागचे काही विसरले नव्हते. विसरले नसतानाही त्यांनी कायदेमंत्रिपद घेतले आणि ऑगस्टच्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्षपद घेतले.

आता मंडलांकडे येऊ. ऑक्टोबर १९४६ मध्ये ते लीगच्या वाट्याच्या जागेवर दिल्लीच्या हंगामी सरकारात कायदेखाते सांभाळायला गेले. पूर्व बंगालमधला मुसलमान शेतकरी आणि नमःशूद्र शेतकरी एकाच सावकाराच्या कर्जात, एकाच चिखलात उभे आहेत, त्यांचे भले एकत्रच होईल, असा त्यांचा विश्वास होता. त्यात काही चुकीचे दिसते का सांगा. आपल्याकडचा शेतमजूरही असाच विचार करील. १० ऑगस्ट १९४७ ला कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली, तिचे तात्पुरते अध्यक्ष जोगेंद्रनाथ मंडल होते. दुसऱ्या दिवशी जीना अध्यक्ष झाले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री आणि कामगारमंत्री झाले. इकडे भारताचे पहिले कायदेमंत्री बाबासाहेब. फळ्यावर आम्ही दोन रेघा ओढल्या, एका बाजूला दिल्ली, एका बाजूला कराची. दोन नव्या देशांचे कायदेमंत्री एकाच फेडरेशनचे, एकमेकांचे स्नेही, दोघेही अस्पृश्य मानलेल्या घरांत जन्मलेले! मुले फळ्याकडे बघतच राहिली.

पण त्याच वर्षी वाटा वेगळ्या झाल्या. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढले, की पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, केवळ सवर्ण हिंदूंचा राग म्हणून मुस्लिम लीगवर विसंबू नये. डिसेंबरात नेहरूंना पत्र लिहून त्यांनी गाऱ्हाणे मांडले, की सफाईची कामे अडतील म्हणून तिकडचे सरकार आपल्या लोकांना सोडत नाही. हे लिहिताना त्यांचा स्वतःचा जुना सहकारी त्याच सरकारात मंत्री होता. त्या घडीला बाबासाहेबांच्या मनात काय झाले असेल? आम्ही त्या पानापाशी बराच वेळ थांबलो. सहकाऱ्याच्या भिडेने समाजाला धोक्यात ठेवायचे नाही, हे त्यांनी केले. पण त्यांचा रोख लीगच्या राजकारणावर होता, आणि धावपळ होती ती माणसे सोडवून आणण्याची.

मंडल तीन वर्षे तिकडे झगडले. फेब्रुवारी १९५० मध्ये पूर्व बंगालमध्ये भीषण दंगली झाल्या, त्यांचा स्वतःचा बारिसाल जिल्हा होरपळला, त्यांचे नमःशूद्र मारले गेले, गावेच्या गावे उठून निघाली. ८ ऑक्टोबर १९५० ला मंडलांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना भले लांबलचक राजीनाम्याचे पत्र लिहिले. त्यात आपण लीगशी का गेलो ते लिहिले, कुठे कुठे विश्वासघात झाला ते लिहिले, गावांची नावे दिली. आपण चुकलो हे जगासमोर कबूल करायला लागते ते धैर्य त्या पत्रात आहे. ते कलकत्त्याला आले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनीही राजीनामा दिला. एका वर्षाच्या आत दोन्ही देशांचे पहिले कायदेमंत्री खुर्ची सोडून मोकळे.

मंडलांनी पुढची वर्षे कलकत्त्यात निर्वासितांमध्ये काम करण्यात घालवली. निवडणुका लढवल्या, निवडून आले नाहीत. तिकडचे लोक म्हणत हा भारताचा, इकडचे म्हणत हा पाकिस्तानचा. ५ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. मागच्या बाकावरच्या पोराला आम्ही विचारले, "सांग आता, पलटी का?" तो मान खाली घालून म्हणाला, "नाही सर." त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो शब्द त्याने आमच्यासारख्यांकडूनच उचलला आहे. आपल्या समाजात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशी रिपब्लिकन पक्षाची नावे आमच्या आजोबांच्या तोंडी होती. ३ ऑक्टोबर १९५७ ला पक्ष झाला आणि दोन-अडीच वर्षांत माणसांना यंत्रासारखी दुरुस्त-नादुरुस्त ठरवू लागलो.

आजोबांवरून आठवले. ते आम्हाला १९५२ च्या निवडणुकीची गोष्ट नेहमी सांगायचे. तेव्हा सोलापूर लोकसभेला दोन जागा होत्या आणि प्रत्येकाला दोन मते. उमेदवारागणिक पेटी वेगळी. "हत्तीच्या पेटीत टाकलं," असे ते अभिमानाने म्हणायचे. हत्ती म्हणजे फेडरेशन. बाबासाहेब त्या निवडणुकीत मुंबईत पडले, पण सोलापूरने फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून दिले, जोडीला शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. सगळ्या देशात फेडरेशनचे दोनच खासदार आले, त्यांतला एक आपला. आम्ही लहानपणी हे ऐकून छाती फुगवायचो. राजभोज १९३२ च्या सुमारास बाबासाहेबांच्या विरुद्ध गोटात होते, हे आजोबांनी कधी सांगितले नव्हते. विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर ते पलीकडच्या बाजूला उभे होते. आणि त्याच राजभोजांना पुढे बाबासाहेबांनी फेडरेशनचे सरचिटणीस केले! दहा वर्षांपूर्वीचे शब्द काढून त्यांना बाहेर ठेवले नाही. राजभोज पुढे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले हेही खरे. माणूस परत घेतला म्हणजे तो जन्मभर राहतोच असे नाही. तरी त्यांनी घेतला होता.

आणि सोलापूरचे सांगायचे तर डॉ. मुळ्यांना विसरून चालणार नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले वसतिगृह ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात उघडले, नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपये दिले. त्या कामात इथले डॉ. मुळे बाबासाहेबांच्या पाठीशी होते आणि वीस वर्षांनी सोलापुरात आल्यावर बाबासाहेबांनी ती आठवण जाहीरपणे काढली. त्या ४० रुपयांतली भाकरी खाऊन शिकलेली मुले पुढे इथल्या चळवळीत उभी राहिली. देणाऱ्याचे नाव वीस वर्षे लक्षात ठेवून लोकांसमोर घेणे, ही गोष्ट वाचनालयात वाचली तेव्हा आमच्या हातातले पुस्तक मिटले गेले. आम्ही २००६ पासून किती भाषणे केली! कधी एकदा तरी म्हणालो का, की ही खुर्ची मला अमक्याने दिली?

त्याच रविवारी आम्ही मित्राच्या घरी गेलो. दोन गल्ल्यांचे अंतर, पण वाटेत दोन वेळा थांबलो. वहिनींनी दार उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण या म्हणायला त्यांना क्षणभर लागला. तो आत चष्मा लावून कारखान्याच्या वह्या घेऊन बसला होता. केस बरेच पिकले होते. भिंतीवर आईचा फोटो. आम्ही आधी फोटोला हात जोडले. मग जे बोलायला गेलो होतो ते बोलायचे सोडून म्हणालो, "खैरमोड्यांचा खंड हवा होता. अभ्यासिकेत पोरांना दाखवायला."

तो उठला. शोकेसमधून खंड काढला. कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घातलेले होते, आणि पहिल्या पानावर दोघांची नावे, आमच्याच अक्षरात. कव्हर नवे होते. म्हणजे मधल्या वर्षांत कधीतरी त्याने जुने काढून नवे घातले होते.

"निम्मा तुझाच आहे," तो म्हणाला.

मग आम्ही बोललो. मंडलांचे सांगितले, पलटीचे सांगितले, आणि शेवटी म्हणालो, "त्या दिवशी हॉटेलासमोर मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. माझं चुकलं. आईच्या वेळी आलो नाही, तेही चुकलं."

तो बराच वेळ वहीवरून हात फिरवत राहिला. वहिनींनी चहा आणून ठेवला तो निवत होता.

"मला एकट्याला बोलला असतास तर चाललं असतं, लका," तो म्हणाला. "आपण काय कमी भांडलोय? पण पोरगं होतं बरोबर. घरी आल्यावर त्यानं मला विचारलं, पप्पा, खरंच किती मिळाले?"

आम्हाला काही बोलता येईना. तो मुलगा आता मोठा झाला, पुण्यात नोकरीला लागला आहे.

"मला सांगितलंस, झालं माझ्यापुरतं," मित्र म्हणाला. "त्याला सांग. माझ्यासमोर."

चहा आम्ही तसाच गार प्यालो. खंड पिशवीत घालून आणला. आता तो अभ्यासिकेच्या टेबलावर आहे आणि ज्याने पहिला प्रश्न विचारला तो मुलगा तो वाचतो आहे. मित्राचा मुलगा जयंतीला घरी येणार आहे.